म्या नुसतं हं म्हणलं

५ ऑक्टोबर २०२४

आज पुन्हा चारदा फोन! सकाळी सुनेचा. दुपारी दुकानातनं लेकाचा. चहाच्या वक्ताला सुनेच्या बहिणींचा, लातूरहून. दिवे लागल्यावर सगळ्यांचा मिळून. नात जर्मनीला शिकायला गेली का आमच्याच दुकानाच्या गल्ल्यामागं जाऊन बसली, कळंना.

सगळ्यांचं एकच. "मही, जेवलीस का?" जेवले. "काय केलंतं?" वरणभात. "थंडी हाय का?" हाय. मग पुढचं माणूस फोन घेतं आणि इचारतं — जेवलीस का? मी सकाळपासनं समोर बसलेय. मला कुणी इचारलं न्हाय.

सिद्धाराम तर गिऱ्हाईक आलं की फोन लावतो. बिचारा माणूस युरियाचं पोतं न्यायला आलेला, त्याच्या तोंडापुढं लेकीचा चेहरा धरतो. "आमची महेश्वरी. जर्मनीत असते." असते! जाऊन महिना झाला न्हाय अजून. हायवेवर खत विकणारा माझा लेक, पण बोलणं ऐकलं तर वाटतं विमानं विकतो.

६ ऑक्टोबर

आज फोन माझ्या हाताला लागला. म्या जेवणाचं इचारलं न्हाय. म्हणलं, "तिथल्या माणसाशी आज काय बोललीस?"

"आज्जी, इथं सगळ्यांना इंग्रजी येतं गं."

"मग जर्मन कुणाशी बोलतीस?"

"मोबाईलमध्ये शिकवणी आहे. एक बाई बोलते, तिच्यामागं म्हणायचं."

"ती बाई भांडती का कधी?"

"भांडेल कशाला!"

"मग काय येणार तुला तिच्याकडनं, कप्पाळ?"

हॉस्टेलात हिच्या मजल्यावर पुण्याची दोन, सांगलीचं एक, नगरचं एक अशी पोरं हाईत. मिळून वरणभात करतात, मिळून मराठी सिनेमे बघतात. सुनेनं दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी पहिल्या आठवड्यातच त्यांनी फस्त केली. आणखी एक पोरगी हाय, कलबुर्गीची. दानम्मा. तिला मराठी येत न्हाय म्हणून ती एकटी पडती बिचारी, असं मही म्हणाली.

म्या म्हणलं, "ती एकटी तेवढी जर्मनीत गेलीय. तुमी बाकीचे पुण्यातच हाव."

९ ऑक्टोबर

भाषेची परीक्षा फेब्रुवारीत. पास झाली तर कॉलेज आणखी एक वरीस तिथं ठेवणार. नापास झाली तर सामान उचल आणि घरी ये. आणि घरी आली की लग्न, हे बापानं कबूल करून घेतलंय तिच्याकडनं. विमानात बसायच्या आदल्या दिवशी! त्या दिवशी तिला विहिरीत उडी मार म्हणलं असतं तरी हो म्हणाली असती.

पोरगा हणमंतप्पानं आणलाय. हणमंतप्पा म्हणजे सुनेचा मामा, उमरग्याचा. गावोगाव लग्नं जुळवत फिरतो आणि घरोघर जेवतो. पोरगा अक्कलकोटचा, पाईपचं दुकान. इकडं खत, तिकडं पाईप. दोन दुकानांचं लग्न चांगलं जुळतंय, पोरगी मधल्यामधी.

"आणि पास झाली तर?" म्या सिद्धारामला इचारलं.

"आधी पास तर होऊ दे अव्वा. लई अवघड भाषा हाय म्हणतात."

म्हणताना तोंड केवढं समाधानी! नापास व्हायची वाट बघतोय, आणि रोज चारदा फोन करून हातभार बी लावतोय.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून झालं आणि सगळ्यांपुढं बोलले. म्हणलं, आजपासनं फोन बंद.

सुनेचे डोळे भरले. "आत्याबाई, लेकरू परमुलखात एकटं हाय ओ."

"तू सोडतीस कुठं एकटं?"

मी कर्नाटकातल्या आळंदकडची. या घरात आले तवा मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासूला कानडी येत होतं. चांगलं येत होतं, गुरांशी कानडीच बोलायची. माझ्याशी न्हाय! पाणी पाहिजे तर मराठीत माग, न्हायतर बस तहानलेली. वरीसभर माहेरचं माणूस दारात येऊ दिलं न्हाय. माझ्या भल्यासाठी करत होती असं म्हणायला मी काही खुळी न्हाय. खवट होती म्हातारी. पण दिवाळीला आले, संक्रांतीला आडावर द्वारकाबाईशी मराठीत भांडत होते, आणि पोळ्याच्या आत जिंकले बी. द्वारकाबाई अजून शेजारीच हाय. ते भांडण निघालं की अजून तोंड फिरवती.

सिद्धाराम म्हणाला, "अव्वा, तो जमाना येगळा होता."

व्हय. फोन नव्हता. म्हणून तर शिकले.

१३ ऑक्टोबर

घरातली ऐकत न्हाईत म्हणून सरळ पोरीलाच सांगितलं. "आईचा फोन उचलू नको. बापाचा उचलू नको. मावश्यांचा तर मुळीच न्हाय. काय जीवनमरणाचं असलं तर लिहून कळव. रविवारी चार वाजता माझ्या फोनवर फोन कर, आणि जर्मन बोल."

"आज्जी, तुला कुठं जर्मन येतं?"

"मला कशाला यायला पाहिजे? बोलायचं तुला हाय. मराठी आलं की ठेवणार मी."

"आणि तू काय करणार?"

"हं म्हणणार."

लई हसली. हस म्हणलं.

गोष्ट सांगताना समोरच्यानं हुंकार द्यावा लागतो. न्हाय दिला तर सांगणाऱ्याला वाटतं झोपलं माणूस, तो थांबतो. ही पोरगी चार वर्षांची असताना माझ्या मांडीवर गोष्ट ऐकायची, आणि वाक्य संपायच्या आधी हं! आता मी हं म्हणते. फिटंल.

२० ऑक्टोबर

बारशाला जमावीत तशी माणसं अंगणात. सून, सिद्धाराम, द्वारकाबाई, तिच्या दोन सुना. फोन मधी, तांब्यावर टेकवून. नुसता आवाजाचा, चित्र बंद.

मही बोलली. दोन वाक्यं. तिसऱ्यात अडकली. "आज्जी, ते हे... त्याला काय म्हणतात..."

ठेवला फोन.

"काय ओ आत्याबाई, एवढं काय!" सून.

पुन्हा आला. पुन्हा दोन वाक्यं, मग अं, अं, मग "अगं आई गं." ठेवला.

आणि सिद्धाराम! द्वारकाबाईला शेजारी बसून अर्थ सांगत होता. "ती म्हणती हवा छान हाय. माणसं लई प्रेमळ हाईत." द्वारकाबाई माना हलवत होती. बारावीला इंग्रजीत दोनदा आपटला हा. जर्मन मात्र आईच्या दुधाबरोबर प्यालाय. आईला ठाऊक न्हाय एवढंच.

२७ ऑक्टोबर

दोनदाच ठेवावा लागला. सिद्धारामच्या म्हणण्याप्रमाणं हवा अजून छान हाय.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. सुनेनं तोंड फुगवून चकल्या केल्या. तोंड फुगलेलं असलं की तिच्या चकल्या चांगल्या होतात, ही गोष्ट लक्षात ठेवायला पाहिजे.

महीनं लिहून कळवलंय. हॉस्टेल सोडलं. ती आणि दानम्मा, दोघींनी मिळून एका म्हातारीच्या घरात वरची खोली घेतली. म्हातारी माझ्याच वयाची. कचऱ्याचे चार डबे ठेवलेत म्हणे. चुकीच्या डब्यात काही पडलं की जिना चढून वर येती आणि भांडती. चहाची पिशवी एका डब्यात, तिचा कागद दुसऱ्या डब्यात, यावरनं अर्धा तास!

सून घाबरली. "असल्या बाईकडं कसं राहायचं लेकरानं?"

"असलीच पाहिजे होती," म्या म्हणलं. "नारळ फोड."

दुसरी चांगली गोष्ट ही की दानम्माला मराठी येत न्हाय आणि आमच्या महीला कानडी येत न्हाय. खोलीत दोघी आपसात बी जर्मनच बोलतात. कानडी या घरात माझ्यापाशीच थांबलं. सिद्धारामला शिकवायला गेले असते तर सासूनं दोघांना गोठ्यात निजवलं असतं.

१० नोव्हेंबर

आज श्रोते कमी. द्वारकाबाईच्या सुनांना कळलं की यात गोष्ट बी न्हाय आणि चहा बी न्हाय. सिद्धाराम दुकानात. सून गिरणीत गेलेली, बरं झालं.

कारण बोलता बोलता पोरीचा आवाज चिरला. रडणं जर्मनमधी बी तसंच असतं, नाकातनं. सून असती तर फोन हिसकून घेऊन हिनं बी गळा काढला असता.

म्या हं म्हणलं. थांबले. पुन्हा हं.

मग ती बोलायला लागली ती थांबेचना. धडाधड. मधी अडकली तरी तशीच पुढं. पहिल्यांदाच मला फोन ठेवावा लागला न्हाय.

१७ नोव्हेंबर

ती बोलत होती तेवढ्यात पलीकडं दार वाजलं. जिना चढून म्हातारी आली! (तिथं रविवारी मोठ्यानं बोलायचं न्हाय म्हणे. मग काय करतात रविवारी, देव जाणे.) म्हातारीचा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा. आमची पोरगी आधी दबली. मग हळूच काहीतरी म्हणाली. म्हातारी चढली. मग ही बी चढली! काय झोकात भांडली, एकदा बी अडकली न्हाय.

मला राहवलं न्हाय. इकडनं ओरडले, "सोडू नको मही!"

मराठी निघालं तोंडातनं. म्हणून माझा मीच फोन ठेवला. नियम म्हणजे नियम.

२४ नोव्हेंबर

आज तिचं बोलून संपलं आणि फोन तसाच चालू. आता मी काय बोलावं? मराठी बोलायचं न्हाय हे म्याच ठरवलेलं.

कानडी बोलले.

धाकटी बहीण वारली तवापासनं कानडी बोलायला कुणी राहिलं न्हाय. जीभ लाकडासारखी. सासू मला विळीवर बसवून ढीगभर कांदे चिरायला लावायची, ते सांगायला गेले आणि विळीला काय म्हणतात तेच आठवंना! आईच्या हातात रोज बघितलेली वस्तू. अं, अं, करत बसले.

तर पलीकडनं काय आलं? — "हं." माझी नक्कल! हलकट.

१ डिसेंबर

ती अर्धा तास, मी पाव तास. आता असं ठरूनच गेलंय.

काय बोलले ते इथं लिहीत न्हाय. कानडी अक्षरं तिसरीपर्यंतची, कवाच पुसली. मराठी अक्षरं सिद्धारामच्या पाटीवरनं उचलली. तो मास्तरच्या छड्या खात होता, शिकत मी होते. या अक्षरांत त्या गोष्टी बसत न्हाईत. महीला कळत न्हाय, घरात कुणाला कळत न्हाय, म्हणून बोलता येतं. भिंतीशी बोलल्यासारखं. भिंत हं म्हणती, एवढा फरक.

सून दारात उभी राहून बघत होती. आत जाऊन सिद्धारामला म्हणाली, "आत्याबाईंचं काही खरं न्हाय."

८ डिसेंबर

हणमंतप्पा जेवायला आला. म्हणजे बोलायला आला, पण आधी जेवला. चार भाकरी खाऊन म्हणाला, "भूक न्हाय आज."

अक्कलकोटचे निरोप देतात की पास झाली तरी त्यांची हरकत न्हाय. परीक्षा झाली की साखरपुडा करून ठेवायचा, लग्न ती आल्यावर. "सून परदेशात शिकलेली म्हणलं तर त्यांना बी मान हाय की," हणमंतप्पा.

म्हणजे नापास झाली तर लग्न आणि पास झाली तरी लग्न. मग ही पोरगी परीक्षा कशाची देतीय?

"तिला इचारलंस का?" म्या सिद्धारामला म्हणलं.

"तिला कशाला आत्ता ताण, अव्वा. अभ्यासात हाय. आपलं तिघांतच राहू दे. तुझ्या सुनेला बी बोलू नको, तिच्या पोटात राहत न्हाय. तू फकस्त हं म्हण. तू हं म्हणलीस की झालं, महीचा बी शब्द न्हाय निघायचा."

या घरात म्हणे माझ्या हं बिगर पान हलत न्हाय. ट्रॅक्टर घेतला तवा इचारलं होतं — दारात उभा करून. दुकान घेतलं तवा इचारलं होतं — पाटी लावून. पण पाहुण्यांत सांगायला बरं असतं, "अव्वाचा शब्द." म्या हं म्हणलं न्हाय. न्हाय बी म्हणलं न्हाय. तव्यावरची भाकरी करपत होती, उठले.

हणमंतप्पा गेला आणि चार वाजले. आज महीला बोलूच दिलं न्हाय. आधी मीच बोलले, सगळं कानडीत, घसा बसेपर्यंत. पोटात ठेवून जेवण जिरलं नसतं.

१५ डिसेंबर

मही आज येगळीच. लांबण न्हाय, हसणं न्हाय. एकच वाक्य म्हणाली. शेवटाला सूर वर नेऊन, इचारल्यासारखं. म्या हं म्हणलं. पुन्हा तेच वाक्य, तोच सूर. पुन्हा हं. मग तिसऱ्यांदा तेच, एकेक शब्द सुटा करून.

परीक्षेसाठी पाठ करत असंल. म्या चांगलं मोठ्यानं हं म्हणलं, म्हणजे पुढं जाईल.

फोन ठेवताना नाक ओढल्यासारखं वाटलं. तिथं थंडी लई हाय.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

सगळं गाव शेतात. कडब्याचं खोपटं म्हणजे कोप, तिच्यात पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. सिद्धारामनं पाव्हण्यांपुढं मिरवायला नियम मोडून फोन लावलाच, चित्राचा. "मही बाळा, सगळ्यांना नमस्कार कर!"

पोरीनं बघितलं, मागं मी उभी. तिनं जर्मनमधी सुरू केलं! न थांबता. पाव्हणे तोंडाकडं बघायलेत, सिद्धाराम घामाघूम. कुणीतरी इचारलं, "काय म्हणती ओ?" तर म्हणाला, "हवा..."

मग गडीमाणसं आंबील शिंपडत, दर वर्षीची आरोळी ओरडत रानाभोवती फिरली. त्यातला एक शब्द या गावात कुणाला कळत न्हाय, आणि बापजाद्यांपासनं ओरडत्यात. जर्मननं काय घोडं मारलंय?

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. द्वारकाबाई तिळगूळ घेऊन आली आणि गोड बोल म्हणाली. आडावरच्या भांडणाला पन्नास वर्षं झाली, आता सुचलं.

२ फेब्रुवारी

फोन न्हाय. उद्या परीक्षा, म्हणून म्याच नको म्हणलं होतं.

चारला ओसरीवर जाऊन बसले. तूर घेऊन. खडे लई निघाले.

२१ फेब्रुवारी

पास!

सुनेनं देवापुढं साखर ठेवली आणि रडली. नापास झाली असती तरी रडली असती, पण हे रडणं ऐकायला बरं होतं. सिद्धारामनं दुकानात पेढे वाटले. "आमची महेश्वरी जर्मनमधी पास झाली. घरात वातावरणच तसं हाय." मला वाटलं पेढा घशात अडकंल, पण गेला खाली.

संध्याकाळी म्हणाला, "अव्वा, रविवारी पाहुणे येतायत. मोबाईलवरच साखरपुडा उरकून घेऊ. हल्ली असंच करत्यात."

मोबाईलवर साखरपुडा! पोरगा पाटावर, पोरगी काचेत. कुंकू कुठं लावणार, काचेला? आणि काच फुटली तर काय म्हणायचं?

"तिला सांगितलंस का?"

"ऐनवेळी सांगू. खूश होईल."

२३ फेब्रुवारी

घडलं ते घडलं तसं लिहिते. रागावू का हसू, ठरंना.

चारच्या आधी हणमंतप्पा आला. त्याच्यासंगं पोराचा बाप महालिंगप्पा, आणि पोरगा. पोरगा बरा होता हो, खाली बघून बसलेला. त्याला बी कुणी इचारलेलं दिसत नव्हतं. सतरंजी, पानसुपारी, ओटीचं सामान. सुनेला सकाळी कळलं, तवापासनं तिचा पाय जमिनीवर न्हाय. फोन तांब्यावर टेकवलेला, आज चित्राचा.

मही दिसली. म्या म्हणलं, "आज मराठी बोल. सोडला नियम."

सिद्धारामनं घसा साफ केला. "मही बाळा, हे अक्कलकोटचे पाहुणे. आज आपण..."

"नमस्कार," ती म्हणाली. सगळ्यांकडं बघून, एकेकाला. "अप्पा, साखरपुड्याला बोलावलंत ना ह्यांना? मला माहिती आहे. पण मी आज्जीला डिसेंबरातच सांगितलंय."

"काय सांगितलंस?"

"की हे लग्न मला करायचं नाही. मी नाही म्हणू का, असं विचारलं आज्जीला. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा आज्जी हं म्हणाली. तिसऱ्यांदा तर केवढ्यानं!"

अंगणातली सगळी माझ्याकडं बघायलेत.

सिद्धाराम लाल झाला. "अव्वा! ती जर्मनमधी बोलत होती! तुला काय कळलं ती काय म्हणतीय ते?"

आता इथं दोन वाटा होत्या. न्हाय कळलं म्हणाले असते तर मी सुटले असते. सतरंजी घातलेलीच होती, पाच मिनिटांत काचेला कुंकू लागलं असतं.

म्हणलं, "तू दर रविवारी शेजारी बसून गावाला अर्थ सांगत होतास. तुला न्हाय कळलं?"

द्वारकाबाई कुडावरनं बघत होती. ती म्हणाली, "व्हय की! मला म्हणाला हवा छान हाय!" पन्नास वर्षांत पहिल्यांदा ही बाई माझ्या बाजूनं बोलली.

हणमंतप्पा म्हणाला, "म्हातारीच्या हं ला काय अर्थ हाय?" तर महालिंगप्पाच त्याला म्हणाले, "अर्थ न्हाय कसा? तुमीच सांगितलं होतं ना, घरात आजीबाईंचा शब्द चालतो? मग झाला की शब्द." मग मला इचारलं, "आजी, तुम्ही हं म्हणला होता?"

"म्हणले होते. तीनदा."

चांगला माणूस. चहा घेतला, हात जोडले, पोराला घेऊन गेला. जाताना पोरगं मोकळं चालत होतं. हणमंतप्पा पेढ्यांचा पुडा उचलून गेला.

सिद्धाराम माझ्याशी बोलत न्हाय. सून बोलती. मगाशी ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्या.

राग आलाय मला. मी इकडं हुंकार देऊन देऊन तिची भाषा सुधरवायलेय, आणि ती त्याच हुंकारावर माझा अंगठा उठवून घेती! बरी शिकली. पण एक कळत न्हाय. साखरपुड्याचं तिला डिसेंबरात सांगितलं कुणी? माहिती होतं हणमंतप्पाला, सिद्धारामला आणि मला. ते दोघं सांगणार न्हाईत. मी तर कुणापाशी बोललेच न्हाय.

२ मार्च

चारला फोन. मही बोलली — जर्मन न्हाय, मराठी न्हाय. कानडी! मोडकंतोडकं, कलबुर्गीच्या वळणाचं. पहिलंच म्हणाली, "आज्जी, विळीला ईळगी म्हणतात."

दानम्मा दर रविवारी तिच्या शेजारीच बसायची. ती पोरगी मी इसरूनच गेले होते! मी बोलायचे, दानम्मा तिला जर्मनमधी सांगायची. सगळं. सासूचं, तहानेचं, मला कुणी इचारलं नव्हतं त्याचं. आणि हणमंतप्पा आला त्या दिवशी घसा बसेपर्यंत जे ओरडले ते बी — येऊ नको मही. न्हाय म्हण त्यांना. घरात मी हाय.

पुढच्या रविवारी ती तेच तीनदा इचारत होती. आज्जी, खरंच न्हाय म्हणू?

आज पुन्हा इचारलं, कानडीत. या वेळेला कळलं.

म्या हं म्हणलं.